माझी शिक्षा संपली

ज्या अमेरिकन कथाकारावर मी कॉलेजपासून फिदा आहे, त्याच्या कादंबरीवरचा सिनेमा मराठीत डब होणार आणि संवाद मी लिहायचे, हे कळलं तेव्हा दिल्लीतल्या द्वारकेच्या आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये मी चक्क नाचले. त्याच्या गोष्टींवरचे सगळे सिनेमे मी पाहिलेत. प्रत्येकात शेवट बिघडवला म्हणून घरच्यांचं डोकंही खाल्लंय. या वेळी शेवट माझ्या हातात होता!

शेवट एका वाक्याचा. तुरुंगात लिहायला-वाचायला शिकलेली नायिका सुटून फाटकाबाहेर येते आणि म्हणते, ‘माझी शिक्षा संपली.’ मेट्रोच्या ब्लू लाइनने नोएडाच्या स्टुडिओत जाताना मी ते मोठ्याने, हसत हसत इतकं घोकलं की शेजारची बाई सरकून बसली.

नायिकेला आवाज देणारी मुलगी मराठीच, पण दिल्लीतच, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये वाढलेली. झकास बोलत होती. शेवटचं वाक्य मात्र तिने असं जड, रडवेल्या आवाजात म्हटलं की माझं डोकंच फिरलं.

“अगं, सुटलीय ती! आनंदाने म्हण की!”

“पण काकू, शिक्षा संपली ना तिची? जेलमध्येच तर शिकत होती. पढाई बंद झाली, तर रडेलच ना यार!”

मी कपाळावर हात मारला. हिंदीतली शिक्षा, म्हणजे शिक्षण! “मराठीत शिक्षा म्हणजे सजा गं बाई.”

“अच्छा!” तिने जीभ चावली. “सॉरी काकू. परत करू?”

रेकॉर्डिंग करणाऱ्याने तोच प्रसंग पुन्हा लावला. नायिका फाटकाबाहेर आली आणि मागे वळून बघत राहिली. हसली नाही. माझ्या कथाकाराला अक्षरओळख तुरुंगातच झाली होती. बाहेर त्याच्या हातात कुणी पुस्तक दिलं नव्हतं. ही गोष्ट मी भेटेल त्याला ऐकवत आले होते आणि तरी ते वाक्य हसत घोकत होते! तिचं शिकणं खरंच त्या फाटकाआड राहिलं होतं.

“नहीं, नहीं! पहलेवाला ही रखिए!” मी ओरडलेच.

“पर मॅडम, वो तो गलत था ना?” रेकॉर्डिंगवाल्याने विचारलं.

“बिल्कुल सही था!”

मुलगी गोंधळून माझ्याकडे बघत होती. मी तिला घट्ट मिठी मारली. त्याच्या गोष्टीचा शेवट पहिल्यांदाच कुणी बिघडवला नव्हता, आणि या वेळी बिघडवायला निघाले होते मीच.