डोंगरे मॅडमच्या तीन चकरा

मुलगी सलग तीन दिवस मैदानावर आली नाही की चौथ्या दिवशी डोंगरे मॅडम तिच्या वर्गाच्या दारात उभ्या राहत. आत कुणाचा तास चालू आहे याची त्यांना फिकीर नसे. भर वर्गात विचारत, "काहून नाही येऊन राहिली वं?" वर्ग हसे, मुलगी शरमेने अर्धी होई. मॅडम मात्र उत्तर मिळेपर्यंत हलत नसत.

नागपूरच्या आमच्या कॉलेजात त्या कंत्राटावर क्रीडाशिक्षिका होत्या, खो-खो शिकवत. मी उमरेडहून एस.टी.ने ये-जा करून बी.एस्सी. करत होते. शाळेत जिल्ह्यापर्यंत खेळलेली, पण कॉलेजात दोन महिन्यांतच खेळ सोडला. मॅडम दारात आल्या तेव्हा मी म्हणाले, "अभ्यास खूप आहे."

"थे घरच्याइले सांग. मले खरं सांग."

मला रागच आला. म्हणाले, "तुमच्यापायी सोडला, मॅडम. प्रॅक्टिकल पाचले सुटते. साडेचारले नाही आलं की तुम्ही तीन चकरा लावता. चकरा मारेपर्यंत माई बस निघून जाते. मंग खेळू कवा?"

उशिरा येणारीने आधी मैदानाला तीन चकरा मारायच्या, हा त्यांचा जुना नियम. त्यांना त्यात शिस्त दिसे, आमचं प्रॅक्टिकल दिसलंच नव्हतं. वाटलं, आता आपली काही खैर नाही. मॅडम तशाच वळून निघून गेल्या.

त्या संध्याकाळी पाचला मैदानावर डोकावले तर पन्नाशीच्या मॅडम एकट्याच धावत होत्या. तिसरी चक्कर संपवून, गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाल्या, "चूक माई होती. चकरा बंद. तू पाचले येत जाय, अन् बसच्या टायमाले निघत जाय." शिक्षकाने अशी चूक कबूल केलेली मी त्याआधी पाहिली नव्हती, नंतरही फारशी पाहिली नाही.

मग त्या खेळ सोडलेल्या एकेकीच्या घरी जाऊन विचारू लागल्या. सक्करदऱ्याच्या रोशनीला कॉलेजात कपडे बदलायला जागाच नव्हती. मॅडमनी सामानाची खोली स्वतः झाडली आणि दाराला आतून कडी बसवून घेतली. "पोरगी खेळ सोडत नाही वं," त्या म्हणत, "तिच्याकडून सोडवल्या जाते." वर्षअखेर आम्ही बारा जणी झालो. कॉलेजांच्या सामन्यांत पहिल्याच फेरीत सपाटून हरलो, तरी मॅडमनी सीताबर्डीवर नेऊन समोसे खाऊ घातले.

त्यानंतर प्राचार्यांनी त्यांना सांगितलं, कंत्राट वाढणार नाही, मैदानावर पार्किंग होणार. वर म्हणाले, "मुलींना खेळात रसच उरलेला नाही हो."

मॅडमना हातापाया पडणं माहीतच नव्हतं. आम्हां बारा जणींना त्यांनी थेट ऑफिसात नेऊन उभं केलं. "सांगा वं सरले, कोनं काहून सोडला होता."

प्रॅक्टिकल. बस. कपडे बदलायची जागा. पाळीत धावू नको म्हणणारी आजी. उन्हात काळी पडशील, मग लग्न कसं जमेल म्हणणारी मावशी. माझा नंबर आला तेव्हा मी चाचरले. मॅडमच म्हणाल्या, "सांग ना, भेतं काहून?" मी म्हणाले, "मॅडमच्या चकरा."

"यातली एक तरी रस नाही म्हणाली का, सर?"

प्राचार्य घड्याळाकडे पाहू लागले.

कंत्राट वाढलं नाहीच. हे मी गोड करून सांगणार नाही, अजूनही तळपायाची आग मस्तकात जाते. निरोपाची शाल त्यांनी टेबलावर तशीच ठेवली. मला रडू आवरेना, तर म्हणाल्या, "रडून काहून राहिली? मी गेली, मैदान थोडी गेलं."

दुसऱ्या दिवशी पाचला मैदानाभोवती दोरी बांधलेली होती. आम्ही ती ओलांडून आत गेलो. आठ जणी ओळीत बसल्या, तिघी पळायला उभ्या राहिल्या, मी पाठलागाला. वॉचमन धावत आला. "मॅडम तं गेल्या. कोनाले विचारून खेळून राहिल्या?"

"कोनालेच नाही," मी म्हणाले आणि रोशनीच्या पाठीवर हात मारून पहिला खो दिला.