असानालीचं मत

डोंगराळ नारिन गावच्या शाळेतल्या बुरूलचाबाई गेली बावीस वर्षं निवडणुकीच्या दिवशी अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी मतपेटी नेत आल्या होत्या. एकदा तर गुडघाभर बर्फात घोड्यावरून नेली, पण कुणाचं मत चुकू दिलं नाही. यंदा मुख्याध्यापकांनी दिलेल्या यादीत असानालीचं नाव होतं. तो तर वसंतातच वारला होता. “त्याच्या नावापुढं मत दिल्याची सही घेऊन या आणि नोकरी सांभाळा,” एवढंच साहेब म्हणाले.

बाई असानालीच्या घरी पोचल्या, तशी त्याची म्हातारी बायको झुराकान नान घेऊन दारात आली. दारी आलेल्यानं नानचा तुकडा खाल्ल्याशिवाय परतायचं नसतं, आणि खाल्ल्यावर त्या घरात खोटं बोलायचं नसतं. बाईंनी तुकडा खाल्ला. मग त्यांनी यादी पुढं केली.

नवऱ्याच्या नावावर बोट ठेवून झुराकाननं विचारलं,

“नाही म्हटलं तर माझी पेन्शन थांबवतील का गं?”

“माहीत नाही, काकू. मलाच भीती वाटतेय.”

“मग पेन दे इकडं. नान तू खाल्लायस, सही मी करते.”

तिनं नवऱ्याची सही केली आणि कागद परत देत म्हणाली, “मी मेल्यावर माझी सही कोण करणार, तेवढं आत्ताच सांगून ठेव.”