श्वास वीस लिहा

"मॅडम, हा डाग कधीपासून आहे?" डॉक्टरांनी विचारलं. मला माहीतच नव्हतं. सलवारीच्या नाडीखाली, कमरेवर वाटाण्याएवढी काळी खपली होती, चटका बसल्यासारखी. दुखत नव्हती, खाजतही नव्हती. डॉक्टर म्हणाले, "स्क्रब टायफस."

गवतात आणि शेताच्या बांधावर असणाऱ्या अगदी बारीक किड्याच्या चाव्यातून हा ताप येतो. त्या खपलीला एश्कार म्हणतात. ती दिसली की निदान जवळपास झालंच. दिवाळीच्या सुट्टीत मी कापड्याला माहेरी भात कापायला गेले होते. परत आल्यावर ताप आला, तो मी पॅरासिटामॉल खाऊन सहा दिवस अंगावर काढला. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला वॉर्डभर ऐकू जाईल असं झापलं असतं. सतरा वर्षं नर्स आहे मी.

"औषध साधं आहे, पण उशीर झालाय," डॉक्टर म्हणाले. "फुप्फुसांची भीती आहे. श्वासावर लक्ष ठेवायला हवं."

ज्या वॉर्डात मी वर्षानुवर्षं ड्युटी केली होती, त्याच वॉर्डात महाडला मला खिडकीजवळची कॉट मिळाली. तेव्हा मी अभ्यासरजेवर होते, एम.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. अनुभवी नर्सेसनी पुढे शिकवावं, हॉस्पिटलचा कारभार सांभाळावा, म्हणून हे शिक्षण असतं. माझा प्रबंध नर्सेसच्या नोंदींवर होता. महिन्याभरात तो द्यायचा होता आणि नंतर ट्यूटरची जागा जवळपास ठरलेली होती. मी त्या जागेची फार वाट बघत होते, हे आधीच सांगून टाकते.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रज्ञा आली. ती आता इथे सिस्टर होती; आठ वर्षांपूर्वी ह्याच वॉर्डात माझ्या हाताखाली शिकली होती. हुशार मुलगी, चार जणींचं काम एकटी ओढणारी. तिने ताप पाहिला, नाडी पाहिली, बीपी घेतलं, बोटाला ऑक्सिमीटर लावला. मग टीपीआर चार्टवर, म्हणजे तापमान, नाडी आणि श्वासाच्या कागदावर, आकडे लिहिले. श्वासाच्या रकान्यात तिने वीस लिहिलं. माझ्या छातीकडे तिने बघितलंही नव्हतं.

मला नवल वाटलं नाही. श्वास मोजायचा तर मिनिटभर काहीही न करता पेशंटच्या छातीकडे बघत उभं राहावं लागतं. चाळीस पेशंटमागे एक सिस्टर असेल तर ते मिनिट कुठून आणायचं? आम्ही सगळ्याच वीस लिहितो. मला माझ्या सीनियरने सांगितलं होतं. आणि मी, ह्याच वॉर्डात, शिकाऊ मुलींच्या घोळक्यापुढे हसत सांगितलं होतं, "श्वास वीस लिहा, कुणी विचारत नाही." घोळक्यात पुढे प्रज्ञा उभी होती.

शेजारच्या कॉटवर कुडपण गावच्या ताराबाई होत्या. साठीच्या, काटक. आजार माझाच, गवत कापताना लागलेला. मुलगा मुंबईला कामाला. सून सुरेखा स्टुलावर बसून त्यांचे पाय चेपायची. दुपारी ताराबाई मला म्हणाल्या, "दम पुरत नाय गो बाय. छातीत हवाच जात नाय."

सवयीने माझं लक्ष मनगटावरच्या घड्याळाकडे गेलं. मी मोजलं. एका मिनिटात छत्तीस. पुन्हा मोजलं, तरी छत्तीस. प्रज्ञा येऊन चार्ट भरून गेली होती. मी मान वळवून वाचलं, वीस.

इथे थांबून तुम्हाला सांगते, कारण तुमच्याही घरात कुणाला ताप येईल. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला बारा ते वीस असतो. फुप्फुसं सुजायला लागली की शरीर आधी श्वास वाढवतं आणि ऑक्सिजनचा आकडा सांभाळून धरतं. ताराबाईंचा ऑक्सिमीटर अजून चौऱ्याण्णव दाखवत होता. म्हणून नुसत्या यंत्रावर जाऊ नका. घड्याळ घेऊन छातीकडे मिनिटभर बघा. आकडा तिशीकडे चालला असेल तर सांगा. कुणी ऐकलं नाही तर पुन्हा सांगा.

मी सांगितलं नाही.

तापाची गुंगी होती असं मी नंतर लोकांना सांगत होते. तेवढी गुंगी नव्हती. छत्तीस आहे म्हटलं असतं तर चार्टवर वीस कसे, हे विचारलं गेलं असतं. प्रज्ञाला विचारलं असतं तर तिने कुणाकडे बोट दाखवलं असतं, हे मला ठाऊक होतं. मी मनाशी ठरवलं, संध्याकाळी डॉक्टर राउंडला आले की हळूच कानावर घालू. चार वाजता ताराबाईंचे ओठ निळे पडले. त्यांना धावपळ करत आयसीयूत नेलं. दिवेलागणीला सुरेखा त्यांची चप्पल घ्यायला आली, तेव्हा तिच्या तोंडाकडे बघून मला कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी स्वतः माझा श्वास मोजला. बत्तीस. त्याला एआरडीएस म्हणतात, फुप्फुसांत पाणी भरतं आणि माणूस कोरड्यावर बुडतो. नऊ दिवस मी आयसीयूत होते. वाचले. फुप्फुसांवर व्रण राहिलेत, एक जिना चढले तरी बसावं लागतं.

प्रज्ञा भेटायला आली. "मॅडम, माझं चुकलं," म्हणाली आणि रडायला लागली. मी शिकवलं होतं हे तिने तोंडातून काढलं नाही. मग मलाच ते बोलावं लागलं.

घरी आल्यावर प्रबंधाची फाइल उघडली. शेकडो चार्ट तपासले होते मी. माझ्या तपासणीत प्रश्न एवढाच होता, रकाना भरलेला आहे का? ताराबाईंचा चार्ट त्यात पैकीच्या पैकी गुणांनी पास झाला असता. मी मार्गदर्शक मॅडमना फोन करून सगळं सांगितलं आणि पुन्हा सुरुवात करायची परवानगी मागितली. ट्यूटरची जागा दुसरीला मिळाली. वाईट वाटलं, खोटं का बोलू?

मग मी कुडपणला गेले. सुरेखाने चहा टाकला. म्हणाली, "ती पोर घडीघडी येऊन लिवून जायची. कमी नाय केलं कोणी. आमचंच नशीब."

मी तिला छत्तीसचं सांगितलं. वीसचंही सांगितलं.

चहा उतू गेला. तिने तो उतरवला, फडक्याने चूल पुसली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "मग तवा का नाय बोललात, ताई?"

मी खरं कारण सांगितलं. ते ऐकायला फारच लहान वाटत होतं. तिने मला हाकललं नाही, एवढ्यासाठी मी तिची जन्माची ऋणी आहे.

एसटीपर्यंत ती सोडायला आली. चढावर मला दम लागला, मी दगडावर बसले. एसटीचा हॉर्न वाजला, मी उठायला गेले.

"बसा," ती म्हणाली. "गाडी थांबल, डायवर वळखीचा हाय."

तिने हात वर करून गाडी थांबवली आणि परत येऊन माझ्यासमोर उभी राहिली. माझा श्वास खाली येईपर्यंत ती माझ्या छातीकडे बघत होती.