कपांचे कान

त्या सकाळी थोरली जाऊ कपांच्या टोपल्या घेऊन बाजारपेठेत गेली होती, म्हणून वाचली. वर्षअखेरच्या सुट्ट्या तोंडावर आल्या होत्या. भेटवस्तूंच्या दुकानदाराने माल लवकर मागवला होता. टोपल्या उतरवून होतात न होतात तोच दुकानाच्या काचा थरथरल्या.

"एखादा जड ट्रक गेला असेल," दुकानदार म्हणाला.

ती परत आली तेव्हा कारागिरांच्या गल्लीच्या जागी डोंगर येऊन बसला होता. वरचा कडा अवकाळी पावसाने भिजून भिजून खचला आणि घरांसकट सगळं गिळून मोकळा झाला. बचाव पथकातला माणूस विचारत होता, "बाई, तुमची भट्टी नेमकी कुठे होती?" थोरली एकीकडे बोट दाखवायची, मग बोट दुसरीकडे न्यायची. सारा जन्म तिथे काढलेला, पण तिला सांगता येईना. आणि भट्टीपाशी तिचा दीर होता.

नवरा गेल्यावर या दिरानेच तिला चाकावर बसवलं होतं. ती कप घडवायची, तो त्यांना कान लावायचा. ओल्या मातीची वळी चिकटवायची आणि अंगठ्याने दाबायची, एवढंच काम. पण त्याचा अंगठा लहानपणी दारात सापडून चपटा झालेला, त्यामुळे प्रत्येक कानाखाली एक रुंद खळगा उमटायचा.

"वहिनी, तुमचे कप जन्माचे बहिरे," तो म्हणायचा. "मी कान देतो म्हणून बाजारात त्यांना कुणी विचारतं."

दीर सापडला, पण जिवंत नाही. धाकटी, म्हणजे त्याची बायको, बहिणीकडे गेलेली, ती धावत आली आणि रडून रडून आडवी झाली. थोरली रडली नाही. ताट पुढे आलं की जेवायची, कुणी हाक मारली की "हो" म्हणायची. शेजारीण हळूच म्हणाली, "बाईचा दगड झालाय."

सुट्ट्या लागल्या तशी दुकानदाराने काचेवर पाटी लावली: यंदा भेट द्यायची तर गल्लीतल्या कारागिरांच्या हातची द्या. दुकानाचा सगळा पुढचा भाग त्याने रिकामा केला. वेतवाल्याच्या परड्या, लोहाराचे दिवे, थोरलीचे कप, जे जे आधीच बाजारात येऊन वाचलं होतं ते तिथे मांडलं. दोघी जावांना त्याने बोलावून घेतलं. धाकटी मागे कागदात माल गुंडाळायला बसली. थोरलीला तो म्हणाला, "तुम्ही काही करू नका, नुसत्या बसा."

दार उघडायच्या आधीच रांग लागलेली. एका बाईने कप उचलला, फिरवून पाहिला आणि कानाखाली अंगठा टेकवला.

"अगं बाई, अंगठ्याला इथे किती छान जागा केलीय!"

थोरलीने पाहिलं. आणि झटक्यात उठून तिने तो कप बाईच्या हातातून हिसकावला.

"हे विकायचे नाहीत!"

थोरली फळीवरचे कप भराभर टोपलीत टाकत सुटली. एक फुटला, तरी थांबेना. धाकटी मागून धावत आली.

"ताई, हे काय चाललंय?"

"भावोजींच्या हातचे आहेत गं हे. यानंतर नाहीत."

"मला माहीत नाही का?"

"मग तुझा हात कसा धजतो गुंडाळायला?"

"विकायलाच केले होते त्यांनी, कपाटात घालून ठेवायला नाही," धाकटी म्हणाली. "माझ्या घरात एक धड कप कधी टिकू दिला नाही त्या माणसाने. चांगला दिसला की निघाला बाजारात. मी जन्मभर कानतुटक्यातून चहा प्यायले!"

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं आणि तोंडावर हात ठेवला. मग धाकटीच हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा वेडावाकडा झाला. थोरली तिच्याकडे बघत राहिली. मग ती मटकन जमिनीवर बसली आणि त्या दिवसापासून प्रथमच रडली, सगळ्या दुकानासमोर, हंबरडा फोडून.

कप उचलणारी बाई कानकोंडी झाली. "राहू दे. मी नाही नेत."

"न्या," धाकटी म्हणाली. "फक्त शोभेला ठेवू नका. चहा प्या."

संध्याकाळपर्यंत फळ्या रिकाम्या झाल्या. तरी लोक येतच होते. "पुढच्या सुट्टीला दिलेत तरी चालेल," म्हणून नावं सांगून जात होते. थोरलीचा विश्वास बसेना. "यांना वेड लागलंय का? नसलेला माल घेताहेत!"

दुकानदाराने मागची खोली दिली, कुणीतरी जुनं चाक आणून टाकलं, परसात लहानशी भट्टी उभी राहिली. नवे कप घडले, पण कान कोण लावणार? शेवटी जन्मात मातीला हात न लावलेली धाकटी बसली. तिने लावलेला पहिला कान पाहून थोरली म्हणाली, "कान कुठला, सोंड आहे ही!" त्या सोंडवाल्या कपांनाही गिऱ्हाइकं मिळाली.

माती संपत आली तेव्हा दुकानातला हमाल सहज बोलून गेला, "लांब नदीवर कशाला जाता? गल्लीवर पडलाय तो ढिगारा बघा. काय चिकट माती आहे!"

त्याच्या मनात वाईट काहीच नव्हतं. पण थोरलीचे हात जागच्या जागी थिजले. चाक फिरत राहिलं आणि घडत आलेला कप तिच्या बोटांमध्ये हळूहळू खाली बसला.