शतावरीचा डबा

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. यांना नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा एवढा भाग मी गाळते — जणू त्याला माहीतच नसेल.

रायपूर तेव्हा नुकतंच राजधानी झालं होतं. माझी मधू अकरावीत. डॉक्टर व्हायचं हे वेड तिचं स्वतःचं, मी लादलेलं नव्हे. दोनला शाळेतून यायची, चारला क्लास. जेवताना ताटावरच पेंगायची. "आई, थोड़ा सो लूँ?" — मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत. आणि मी? "काहून झोपून राहिली? दूध पी अन् जा."

त्या दुधात काय होतं — इथेच माझी जीभ अडते.

पोरांना कॉफी देऊ नये, हा माझा आवडता विषय. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या वहिनींना मी चारचौघींत सुनावलं होतं, "पोट्ट्याले कॉफी पाजता? झोपू द्या न त्याले." लोकां सांगे ब्रह्मज्ञान — बाकीचं तुम्हाला ठाऊक आहेच. कारण सदर बाजारातून कॉफीची पूड आणून मी शतावरीच्या रिकाम्या डब्यात भरून ठेवली होती. दोन चमचे, भरपूर साखर, वास लपवायला जायफळ. कडू लागतं म्हणाली, तेव्हा सांगितलं, वैद्याचं चूर्ण आहे, ताकदीचं. आईने सांगितलं म्हणून तिने मानलं.

मग मी सकाळीही देऊ लागले. तिचे हात थरथरू लागले, छातीत धडधड. एका चाचणीत पेन धरवेना म्हणून उठून आली. डॉक्टरांनी माझ्याकडे बघून विचारलं, "चाय-कॉफी लेती है क्या?"

"नहीं साहब. हमारे घर में कॉफी आती ही नहीं."

मला तेव्हाच कळलं होतं. मग का नाही बोलले? वहिनींचा चेहरा डोळ्यांपुढे आला — एवढंच. एवढ्याशा लाजेसाठी.

मुलीला ताण सोसत नाही, असं निदान झालं. हे म्हणाले, "जिवापरीस क्लास मोठा नाही. बंद कर." मधू दोन दिवस रडली. मी डबा मोरीत रिकामा केला. आठवड्यात धडधड थांबली आणि सगळ्यांना पटलं, क्लासच बाधत होता. मधूलाही पटलं.

तिने बी.कॉम. केलं. आज नवा रायपूरच्या रिकाम्या, रुंद रस्त्यावरही ती गाडी चालवत नाही. "मैं तो बचपन से डरपोक हूँ," हसून सांगते. मी समोर बसलेली असते.

परवा तिचा फोन आला. तिची पोट्टी आता नववीत, शाळेतून थकून येते. "आई, वो ताकत वाला चूर्ण भेजो न. मैं तो उसी पर टिकी थी."

मी म्हटलं, ते वैद्य वारले गं.

वैद्य कधी नव्हतेच.