कंसाआधीची हाक

आमच्या तलाठी ऑफिसातले ते कारकून अगदी हळू बोलतात, जणू शेजारी कुणी झोपलंय. पण सातबाऱ्यावर मेलेल्या माणसाच्या नावाला कंस करायचा, म्हणजे ते नाव कमी करायचं, की आधी त्याला मोठ्यानं हाक मारतात, कान देतात, मगच कॉम्प्युटरचं बटण दाबतात.

वारलेल्या आजोबांचं आहुपे गावचं भातखाचर माझ्या नावावर व्हायचं होतं. आमच्यात नातवाला आजोबांचंच नाव ठेवतात. कारकुनांनी हाक मारली आणि मी शहाण्यानं सवयीनं ओ दिली.

"पावणं, तुमी बोलला का ते?"

"मीच की, राव!"

"मंग गप बसा. परत इचारतो."

पुन्हा हाक गेली. मी तोंड घट्ट दाबून धरलं.

त्यांनी बटणावरचं बोट उचललं. "आज न्हाई जमायचं. ते हायेत अजून."

मी भांडलो नाही. ती दुसरी ओ मलाही ऐकू आली होती.