सात नंबरची झीज

आमचे भावजी, म्हणजे माझे धाकटे दीर, जेवायला बसले की हात वाळेपर्यंत उठत नाहीत. चहा त्यांच्या कपात गार होतो. कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढून बघतात. आणि अशा माणसाला वीज उपकेंद्रातले सोबती 'मिलिसेकंद' म्हणतात, कारण एकोणीस वर्षं ते सेकंदाचे हजार तुकडे मोजत आलेत.

काम त्यांनी एकदा मला भाजी निवडता निवडता समजावलं होतं. शहरात जाणाऱ्या प्रत्येक लाइनला एक ब्रेकर असतो. तारेवर फांदी पडली की रिले नावाची पेटी त्याला 'उघड' म्हणते आणि पापणी लवायच्या आत तो वीज तोडतो. दर वेळी तोडताना त्याचे कॉन्टॅक्ट, म्हणजे एकमेकांना टेकणारे धातूचे तुकडे, थोडे जळतात. ते बंद बाटलीत असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून रिलेच लिहून ठेवतो: कितीदा उघडला, किती वेळात, केवढा करंट तोडला आणि कॉन्टॅक्ट किती टक्के झिजले.

त्या रविवारी दुपारी भावजी आले आणि पाच मिनिटांत ताटावरून उठले. अर्धी भाजी तशीच. आमचे हे म्हणाले, "अरे, आज सूर्य कुठून उगवला?" भावजी हसले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, माझ्या जुन्या डायऱ्या तुमच्या माळ्यावर आहेत ना?"

त्यांच्या खोलीचं छत गळतं म्हणून दोन खोकी आमच्याकडे ठेवलेली. मी स्टूल धरलं, ते चढले. वरूनच, पाठ फिरवून, त्यांनी सांगितलं. शुक्रवारी सगळ्या ब्रेकरांच्या झिजेचा तक्ता निघाला होता. कोणी साठ टक्के, कोणी सत्तर. सात नंबर फक्त सहा. साहेब नवे आणि वयाने लहान. खूश होऊन म्हणाले, सात नंबर ठणठणीत आहे, त्याला पुढच्या वर्षी हात लावू. भावजी 'हो' म्हणून घरी आले आणि दोन दिवस डोळ्याला डोळा लागला नाही.

सात नंबरचा ब्रेकर सगळ्यांत जुना. नवा होता तो फक्त रिले, चौदा महिन्यांपूर्वी भावजींनीच बसवलेला. नव्या रिलेला मागचं काही ठाऊक नसतं. जुन्याचा आकडा हाताने भरावा लागतो, नाहीतर तो शून्यापासून मोजायला लागतो. नवा केसपेपर काढला म्हणून सत्तरीचा म्हातारा तान्हं बाळ होत नाही, तसंच हे.

"भरला असेल तुम्ही," मी म्हटलं. "तुम्ही आणि विसरणार?"

"तेच आठवत नाही."

डायरी सापडली. भावजींची रीत अशी की काम लिहायचं, आणि झालं की समोर बरोबरची खूण करायची. पान भरून खुणा होत्या. एका ओळीपुढे लिहिलं होतं, 'सात नंबर, जुनी झीज ८३, नव्यात भरणे.' त्यापुढे कागद कोरा.

मी तारीख वाचली आणि पुन्हा एकदा वाचली. त्या दिवशी ह्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन लवकर घ्यायचं ठरलं होतं, आणि मीच भावजींना फोन करून म्हटलं होतं, असाल तसे या. ते पंचवीस मिनिटांत पोचले होते. तेव्हा मला केवढं कौतुक वाटलं होतं.

त्र्याऐंशी आणि सहा, एकोणनव्वद. भावजी खाली उतरले ते थेट फोनपाशी. साहेबांचं म्हणणं पडलं की रविवार आहे, चौदा महिने चालला तसा आणखी एक दिवस चालेल. भावजींचा आवाज चढला नाही.

"साहेब, दर तासाला आपला माणूस त्याच्यासमोर उभा राहून मीटर वाचतो. आत्ता फांदी पडली आणि तो उघडला नाही, तर त्या माणसाच्या तोंडावर फुटेल. सात नंबरचा लोड आठ नंबरवर घ्यायला सांगा. मी निघालोय."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. भावजी म्हणाले, "माझी चूक. मीच लिहून देतो." आणि गेले. चप्पल उलटसुलट घालून.

दुपारभर मी घरात नुसती फिरत होते. बाहेर वारा सुटला होता. समोरच्या झाडाची फांदी हलली की मी खिडकीशी जायचे. हे पेपर उलटा धरून वाचत बसले होते. दोनदा दिवा लुकलुकला, दोनदा आम्ही एकमेकांकडे बघितलं.

साडेपाचला फोन आला. बाटलीच्या दांड्यावर झीज दाखवणारी एक रेघ असते, ती आत गेली की बाटली बाद. सात नंबरची रेघ केसाएवढी उरली होती. "म्हणजे आपल्या एकोणनव्वदपेक्षाही जास्त झिजला होता," भावजी म्हणाले.

मंगळवारी बाटली बदलली. रिलेत झीज शून्य केली. पण ब्रेकरच्या स्प्रिंगा जुन्याच, म्हणून किती वेळा उघडला तो आकडा तसाच ठेवला, आणि तो साहेबांना मोठ्याने वाचायला लावला.

पुढच्या रविवारी भावजी खुलाशाचा कागद दाखवायला घेऊन आले. मी आधीच ठरवून ठेवलं होतं. म्हटलं, "माझ्या फोनचं लिहा. खरंच आहे ते."

त्यांनी कागद पुढे सरकवला. कारणाच्या रकान्यात एवढंच होतं: 'आकडा भरायचा राहिला. घाई केली.'

"कशाची घाई, असं विचारलं तर?"

"विचारलं साहेबांनी. म्हटलं, घरचं काम होतं." मग ताट जवळ ओढत म्हणाले, "वहिनी, भाजी वाढा. आज मला वेळ आहे."

चार वाजेपर्यंत ते जेवत होते.